रीलमधलं शेनझेन आणि माझ्या फोनची २ टक्के बॅटरी

गेल्या काही महिन्यांत तुमच्या फीडवर अशी एखादी रील नक्की आली असेल. रात्रीची वेळ, रंग बदलणाऱ्या उंच इमारती, आवाज न करता जाणाऱ्या इलेक्ट्रिक बस, आकाशातून जेवणाचं पार्सल घेऊन उतरणारा ड्रोन. खाली लिहिलेलं असतं, "चीन २०५० मध्ये जगतोय." आणि कॉमेंटमध्ये दोन गट. एक म्हणतो, "आपण पन्नास वर्षं मागे आहोत." दुसरा म्हणतो, "सगळं खोटं, एडिट केलंय."

माझं गाव हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. माझ्या चुलत भावाने मला अशा तीन रील पाठवल्या आणि विचारलं, "दादा, हे खरं असतं का?" तेव्हा मला सांगता आलं नाही. डिसेंबरात चार दिवसांची सुट्टी काढून मी शेनझेनला जाऊन आलो, त्यामुळे आता थोडंफार सांगू शकतो.

थोडक्यात उत्तर असं: रील खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी बाजू मला माझा फोन बंद पडल्यावर दिसली.

आत्ताच सगळे चीनला का निघाले?

आधी बातमी समजून घेऊ. भारत आणि चीन यांच्यातली थेट विमानं कोविडमुळे २०२० च्या सुरुवातीला थांबली. त्याच वर्षी जूनमध्ये गलवानची चकमक झाली आणि २९ जून २०२० ला भारताने ५९ चिनी अॅपवर बंदी घातली. टिकटॉक गेलं ते तेव्हाच. त्या यादीत वुईचॅटही होतं, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग पाच वर्षं जवळजवळ शांतता. २०२५ मध्ये चित्र बदललं. जुलैमध्ये भारताने चिनी नागरिकांना पुन्हा पर्यटक व्हिसा द्यायला सुरुवात केली. २६ ऑक्टोबरला इंडिगोचं कोलकाता ते ग्वांगझू विमान उडालं, आणि १० नोव्हेंबरपासून दिल्ली ते ग्वांगझू सुरू झालं. ग्वांगझूहून शेनझेन साधारण शंभर किलोमीटर. हायस्पीड रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास. हिंगोलीहून परभणीला जायला यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, हे मनात आलंच.

म्हणजे मध्ये पाच वर्षं आपण एकमेकांना फक्त स्क्रीनवर पाहत होतो. त्यामुळे आत्ता जो जातो तो आधी थक्क होतो, मग रील टाकतो. मीही पहिल्या दिवशी अकरा टाकल्या.

हे शहर एवढं वाढलं कसं?

शेनझेनबद्दल एक वाक्य सगळीकडे ऐकायला मिळतं, "चाळीस वर्षांपूर्वी इथे मासेमारीचं एक खेडं होतं." ऐकायला भारी वाटतं, पण ते पुरतं खरं नाही. तिथे एक अख्खा तालुका म्हणावा एवढा भाग होता, बाजाराचं गाव होतं, शेती होती, आणि साधारण तीन लाखांवर लोक होते. सगळ्यात महत्त्वाचं, नदीपलीकडे हाँगकाँग होतं. तिथे भांडवल होतं, बंदर होतं आणि जगाशी व्यापार होता.

ऑगस्ट १९८० मध्ये चीनने शेनझेनला विशेष आर्थिक क्षेत्र केलं. हाँगकाँगचे कारखानदार स्वस्त जमीन आणि स्वस्त मजूर शोधत आत आले. १९८५ मध्ये तिथे ५३ मजल्यांची गुओमाओ इमारत पूर्ण झाली. ती बांधताना तीन दिवसांत एक मजला चढायचा. तेव्हापासून "शेनझेनचा वेग" हा शब्दच पडला. १ डिसेंबर १९८७ ला तिथे सरकारी जमिनीच्या वापराचा हक्क जाहीर लिलावात विकला गेला. कम्युनिस्ट राजवटीतला हा पहिलाच असा लिलाव. जमीन सरकारची, पैसा बाजाराचा, आणि हात गावाकडून आलेल्या पोरांचे, असं ते गणित होतं.

२०२० च्या जनगणनेत शेनझेनची लोकसंख्या १ कोटी ७५ लाखांवर गेली होती. आपल्या हिंगोली जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत होती पावणेबारा लाख. म्हणजे साधारण पंधरा पट माणसं, आणि तीही आपल्या जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी जागेत.

हुआवेई, टेन्सेंट, बीवायडी, ड्रोन बनवणारी डीजेआय, सगळ्यांची मुख्यालयं याच शहरात. २०१७ संपता संपता इथल्या १६ हजारांहून जास्त बस, म्हणजे सगळ्याच्या सगळ्या, इलेक्ट्रिक झाल्या. रस्त्यावर उभं राहिलं की हे कानाला कळतं. एवढी गर्दी, आणि इंजिनाचा आवाज नाही. ही गोष्ट कुठल्याही रीलमध्ये नीट येत नाही, कारण रीलवर गाणं लावलेलं असतं.

फोनवर चालणारं शहर

आता आपल्या विषयाकडे येऊ. शेनझेनमध्ये फोन म्हणजे पाकीट, तिकीट, नकाशा, दुभाष्या आणि ओळखपत्र.

चहा घ्यायचा तर क्यूआर स्कॅन. हॉटेलात टेबलावर क्यूआर असतो, तो स्कॅन केला की मेनू उघडतो, ऑर्डर आणि पैसे तिथेच. मेट्रोच्या गेटवर फोनमधला क्यूआर दाखवायचा. भाड्याची सायकल, कपडे धुण्याचं मशीन, बागेत ड्रोनने मागवलेलं जेवण, सगळं तसंच. दोन मोठी अॅप आहेत, वुईचॅट आणि अलिपे. वुईचॅट आपल्या बंदीच्या यादीत, म्हणून मी अलिपे वापरलं. त्यात आता परदेशी व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. आपलं यूपीआय तिथल्या दुकानात चालत नाही.

दुसरी गंमत इंटरनेटची. चीनमध्ये गुगल, यूट्यूब, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप बंद आहेत. हॉटेलच्या वायफायवर माझं व्हॉट्सअॅप मेलेलं, पण भारतीय सिमच्या रोमिंगवर मात्र व्यवस्थित चालू. हे कसं? रोमिंगमध्ये तुमचा डेटा साधारणपणे आधी तुमच्या मूळ कंपनीच्या नेटवर्कवर, म्हणजे भारतात येतो आणि तिथून इंटरनेटला जातो. तिथला टॉवर फक्त रस्ता देतो, त्यामुळे चिनी फिल्टर मध्ये येत नाही. म्हणजे एकाच रस्त्यावर, एकाच टॉवरखाली, माझ्या आणि शेजारच्या माणसाच्या फोनमध्ये दोन वेगळी इंटरनेट होती.

आणि मग फोन बंद पडला

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हुआचियांगबेईत होतो. इलेक्ट्रॉनिक्सचा हा बाजार आपल्या क्षेत्रातल्या माणसाने एकदा तरी पाहावा. मजल्यामागून मजले, आणि प्रत्येक मजल्यावर छोटे छोटे गाळे. एकाकडे फक्त कॅमेऱ्याचे सेन्सर, दुसऱ्याकडे फक्त स्क्रू, तिसऱ्याकडे चार्जिंगचे पोर्ट. हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचे ढीग लागतात तसे इथे चिपचे. सकाळी डिझाइन डोक्यात आलं तर संध्याकाळपर्यंत सगळे सुटे भाग हातात, हे तिथे उभं राहिलं की पटतं.

तीन तास व्हिडिओ काढले. बॅटरी २ टक्क्यांवर आली. घाबरलो नाही, कारण तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर भाड्याच्या पॉवर बँकचे डबे असतात. त्यातल्या एका डब्यापर्यंत पोचलो, क्यूआर स्कॅन करायला फोन वर केला आणि फोन बंद.

आता बघा काय झालं ते. पॉवर बँक घ्यायची तर फोन चालू पाहिजे. फोन चालू करायचा तर पॉवर बँक पाहिजे. हॉटेलचं नाव चिनी अक्षरांत फोनमध्ये. नकाशा फोनमध्ये. भाषांतराचं अॅप फोनमध्ये. पैसे फोनमध्ये. स्वतःची पॉवर बँक? ती हॉटेलवर चार्जिंगला लावून आलो होतो. दोष कुणाचाच नाही, माझाच.

पाच मिनिटांपूर्वी जे शहर मला "२०५० सालातलं" वाटत होतं, त्याच्यासाठी मी आता अस्तित्वातच नव्हतो. कुणी हाकललं नाही, कुणी वाईट वागलं नाही. फक्त प्रत्येक दारावर क्यूआर होता आणि माझ्याकडे तो वाचणारं काही नव्हतं. कोडिंग करताना आम्ही याला म्हणतो, एकच खांब आणि त्यावर सगळं घर. खांब हलला की सगळं गेलं. ऑफिसात असं डिझाइन कुणी दाखवलं तर मी पहिला हरकत घेईन. इथे मी स्वतः तसाच फिरत होतो.

पासपोर्टच्या पाऊचमध्ये दोनशे युआनच्या नोटा होत्या. साधारण अडीच हजार रुपये. त्या माझ्या हुशारीने नव्हत्या. आमचे आप्पा हळद विकून मोंढ्यातून येतात तेव्हा पैसे बँकेत जमा झालेले असले तरी शर्टाच्या आतल्या खिशात एक नोट घडी करून ठेवतात. निघताना त्यांनी बजावलं होतं, "तिकडच्या दोन नोटा जवळ ठेव." मी हसलो होतो.

नूडल्सच्या दुकानातली बाई

जवळच्या गल्लीत एक छोटं नूडल्सचं दुकान होतं. मी नोट पुढे केली आणि बंद फोन दाखवला. चीनमध्ये रोख पैसे नाकारणं नियमाने चालत नाही, तिथल्या मध्यवर्ती बँकेने तशी तंबी वेळोवेळी दिली आहे. पण नियम त्या बाईंना माहीत होता की नाही, मला ठाऊक नाही. त्यांनी नोट घेतली, सुट्टे शोधायला दोन डबे उघडले, आणि न विचारता माझा फोन काउंटरमागे चार्जिंगला लावला.

वीस मिनिटांनी फोन चालू झाला. मग भाषांतराच्या अॅपवर आमचं बोलणं झालं. त्या हुनान प्रांतातल्या. शेनझेनमध्ये बारा वर्षं. मुलगा कुठे आहे, असं विचारलं. म्हणाल्या, गावी, आजी-आजोबांजवळ, तिथल्याच शाळेत. इथल्या शाळेसाठी कागदपत्रं आणि गुण जुळवावे लागतात, ते जमले नाहीत.

इथे थोडं थांबून समजून घ्यायला हवं. चीनमध्ये प्रत्येक माणसाची एका ठिकाणी कुटुंबनोंद असते, तिला हुकोऊ म्हणतात. ज्या शहरात हुकोऊ, तिथल्या शाळा, घरकुल योजना, इतर सुविधा सहज मिळतात. दुसरीकडून आलेल्याला काम मिळतं, पण बाकीच्यासाठी रांग, गुण आणि कागदपत्रं. २०२० च्या सुमारास शेनझेनमध्ये राहणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांकडेच तिथला हुकोऊ होता. बाकीचे दोन तृतीयांश शहर चालवतात, पण शहराच्या वहीत ते पूर्ण नाहीत.

याची किंमतही शहराने पाहिली आहे. २०१० मध्ये फॉक्सकॉनच्या शेनझेनमधल्या कारखान्यांत एकापाठोपाठ एक तरुण कामगारांनी आत्महत्या केल्या. नंतर इमारतींना जाळ्या लावल्या गेल्या. आपल्या खिशातले फोन ज्या काळात "स्मार्ट" होत होते, तोच हा काळ.

मला त्या रात्री दोन्ही गोष्टी एकच वाटल्या. माझा बंद फोन आणि त्या बाईंचा नसलेला हुकोऊ. जे शहर तुम्हाला ओळखतं, ते तुमच्यासाठी विजेच्या वेगाने धावतं. ओळखत नसेल तर तुम्ही त्याच फुटपाथवर, त्याच दिव्यांखाली उभे असूनही बाहेरच असता. माझी अडचण वीस मिनिटांत सुटली. त्यांची बारा वर्षं तशीच आहे.

आपल्याकडे काय चाललंय?

"म्हणजे चीन वाईट, आपण भारी", असं वाचून पुढे जाऊ नका. मला तसं म्हणायचं नाही.

आपल्याकडे काही गोष्टी खरंच चांगल्या बांधल्या आहेत. यूपीआय २०१६ मध्ये आलं. ते एका कंपनीच्या मालकीचं नाही. कुठल्याही बँकेचं खातं, कुठलंही अॅप, समोर कुठलाही क्यूआर, पैसे जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २००० कोटींवर व्यवहार झाले. उद्या एक अॅप बंद पडलं तर दुसरं टाकता येतं. अर्थात, पाचातले साधारण चार व्यवहार दोनच अॅपमधून होतात, त्यामुळे अगदी निर्धास्त राहावं असंही नाही.

दुसरं, एक देश एक रेशनकार्ड. आपल्या भागातून ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईला बांधकामावर गेलेल्या माणसाला तिथल्या दुकानातून धान्य घेता यावं, ही कल्पना हुकोऊच्या नेमकी उलट आहे. जून २०२२ पर्यंत सगळी राज्यं त्यात आली. पण तिथेही मशीनवर अंगठा उमटावा लागतो, आणि शेतात राबून रेषा झिजलेल्या बोटांना मशीन "नाही" म्हणतं. असा परत फिरलेला म्हातारा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

आणि "बंद" करणारं बटण आपल्याकडेही आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाच्या वेळी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत काही तास इंटरनेट बंद होतं. आपल्याच भागातले जिल्हे. तेव्हा यूपीआयवर अवलंबून असलेल्या दुकानदाराची अवस्था माझ्या २ टक्क्यांसारखीच झाली असणार. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेत ई-केवायसी सक्तीची झाली आणि मुदत वाढवावी लागली. डिसेंबरच्या सुरुवातीला प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी अॅप आधीपासून टाकण्याचा आदेश समोर आला, टीका झाली आणि दोन-तीन दिवसांत मागे घेतला गेला.

हा शेवटचा फरक छोटा नाही. आदेश आला, लोक बोलले, आदेश गेला. चीननेही १ जून २०२५ पासून नियम केलाय की दुसरा पर्याय असेल तर ओळखीसाठी फक्त चेहरा स्कॅन करण्याची सक्ती नको. म्हणजे "दुसरा रस्ता उघडा ठेवा" ही गरज तिथेही जाणवली आहे. आपण ती विसरायला नको.

मग आपण मागे आहोत का?

काही बाबतीत हो, आणि ते मान्य करायला लाज वाटू नये. सार्वजनिक वाहतूक, सुटे भाग बनवणारी साखळी, कामाचा वेग, यात तुलना करावी अशी स्थिती नाही. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. औंढ्याजवळ लायगो-इंडिया होणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडणारी, जगात मोजक्या ठिकाणी असलेली प्रयोगशाळा. तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६ मध्ये मिळाली. २६०० कोटींची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये. मधली सात वर्षं कागदावर. तेवढ्यात शेनझेनने सगळ्या बस बदलून टाकल्या.

पण वेग मोजताना कोण मागे राहिलं हेही मोजायचं, एवढंच मी तिथून शिकून आलो. भावाला मी आता असं सांगतो: अशी रील आली की तीन प्रश्न विचार. हे बांधायला कोण आलं आणि त्याची पोरं कुठे शिकतात? फोन नसलेल्या माणसाला इथे काय करता येतं? आणि एखादा नियम चुकला तर तो बदला म्हणायची सोय आहे का? हे प्रश्न चीनच्या रीलला विचार, आणि पुण्याच्या, मुंबईच्या रीललाही विचार.

जाणार असाल तर

१. अलिपेमध्ये कार्ड जोडणं आणि पासपोर्टची ओळख पडताळणी घरूनच पूर्ण करा. ओटीपी भारतीय सिमवर येतो, म्हणून ते सिम रोमिंगसह चालू ठेवा.

२. परदेशी कार्डाने एका वेळी २०० युआनच्या वर पैसे दिले तर अलिपे ३ टक्के शुल्क लावतं. छोट्या खर्चाला लागत नाही.

३. गुगल मॅप्सवर विसंबू नका. चिनी नकाशाचं अॅप आणि भाषांतराची ऑफलाइन फाइल आधीच उतरवून ठेवा.

४. हॉटेलचं चिनी अक्षरांतलं कार्ड काउंटरवरून मागून घ्या आणि खिशात ठेवा. कागदाचं.

५. पॉवर बँक जवळ ठेवा. चीनमधल्या देशांतर्गत विमानात मात्र २८ जून २०२५ पासून तिथल्या ३सी प्रमाणपत्राचं चिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही.

६. दोनशे-तीनशे युआन रोख ठेवा.

त्या रात्री मी मेट्रोने हॉटेलवर परतलो. फोन चालू होता, तरी तिकीट मुद्दाम रोख पैशाने काढलं. मशीनमधून हिरव्या रंगाचं प्लॅस्टिकचं एक गोल टोकन पडलं, आपल्या जुन्या नाण्याएवढं. गेटवर टेकवलं, दार उघडलं. माझ्या पुढे एक आजोबा तसंच टोकन घेऊन चालले होते. एवढ्या फोनवर चालणाऱ्या शहरात ते मशीन अजून कुणीतरी चालू ठेवलंय, याचं मला बरं वाटलं. घरी आल्यावर आप्पांना ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मग? नोट कामाला आली ना?" आणि हळदीचा भाव बघायला त्यांनी माझाच फोन मागितला.